मोकळी खुंटी

खुंटीवर पटाशी आधीच होती. शालिग्रामने हातातली पटाशी पाहिली, मग भिंतीवरची पाहिली. तीच रुंदी, पात्याच्या मानेवर तोच विलायती शिक्का, मुठीच्या टोकाला तीच पितळी कडी. दोघींनाही कधी धार लागलेली नव्हती. कारखान्यातून निघाल्या तेवढ्याच लांब होत्या. आठवडी बाजारात रहेमतुल्लाच्या जुन्या लोखंडाच्या ढिगाशी उकिडवं बसून त्याने ती उचलली, तेव्हा रहेमतुल्ला म्हणाला होता, "इची बहीन तुमच्याच घरी हाय, शालिग्रामराव." दुकानदाराचं गोड बोलणं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. आता कळलं की रहेमतुल्ला फक्त माहिती देत होता.

विसरणं हा शालिग्रामचा स्वभाव नव्हता. खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत तो टाइमकीपर होता. हंगामात पहाटेचा भोंगा झाला की फाटकातून आत येणारा प्रत्येक चेहरा आणि त्याचा पितळी बिल्ला यांची जोडी त्याच्या डोक्यात तयार असे. एखादी बाई जावेचा बिल्ला दाखवून आत शिरायला गेली तर तो बिल्ल्याकडे न बघताच तिला परत पाठवी. अशा माणसाने आपल्या हाताने टांगलेली पटाशी विसरावी, हे त्याला विनोदी वाटलं. भीती वाटली नाही. मात्र जिन्यावरून अंधारात उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं क्षणभर झालं. मग त्याने नवी पटाशी ठेवायला जागा शोधली. चारही भिंती भरल्या होत्या. पूर्वेच्या भिंतीवर मोजायची आणि आखायची हत्यारं, दक्षिणेला तासायची, पश्चिमेला कापायची, दाराच्या दोन्ही अंगांना भोकं पाडायची आणि घासायची. रंधे फळीवर ओळीने, लहानापासून थोराडापर्यंत. कानशी तेलकट फडक्यात. वर आढ्याच्या कडीला दोऱ्यांनी आडवा बांधलेला मोठा आरा, माणसाएवढा लांब, दोन्ही टोकांना मुठी असलेला. खोलीत तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास होता. श्वास आत घेतला की जिभेच्या कडेला तो लागे, आणि दिवसभराची सरकीची धूळ छातीतून खाली बसल्यासारखी वाटे. एक खुंटी मोकळी होती. दारातून आत आल्यावर समोर, डोळ्यांच्या उंचीवर. त्या खुंटीवर पटाशी टांगण्याचा विचार त्याने केला नाही. नवी पटाशी हातात धरून तो उभा राहिला.

"एक सोडून दोन झाल्या वाट्टे," सत्यभामाबाई दारातून म्हणाली. त्याची बायको खोलीत येत नसे, उंबरठ्यापर्यंतच येई. आत वळायला जागा नव्हती हे तिचं कारण होतं आणि ते खरं होतं.

"हाव. लढाईपायी माल येनं बंद झाला. घेऊन ठेवली."

"आपली विमल बाळंतपनाले येते पुढच्या पंधरवाड्यात."

"मले मालूम हाय."

"मंग हे बी मालूम असन, का घरात वारा न लागनारी खोली ही एकच हाय. आन पायन्याची कडी बी इथंच हाय. तिले तुमचा आरा लटकला."

त्याने वर पाहिलं. कडी खरोखरच तिथे होती, आढ्यात ठोकलेली, जाड. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने अभिमानाने सांगितलं होतं की हिला चार पिढ्यांची पोरं झुलली आहेत. आरा आणला त्या दिवशी तो आठ हातांचा असल्यासारखा बोळातून वळेना. हमाल त्याला डोक्यावर घेऊन तिरका तिरका आला. लाकडाची एक वखार मोडली होती, तिथून घेतला होता. "याच्या दुसऱ्या टोकाले कोन?" असं सत्यभामाबाईने त्या दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला होता, टोक आहे तर माणूस भेटेल. उत्तर त्याला आवडलं होतं. फॅक्टरीतही त्याने ते एकदोघांना ऐकवलं. दर खंडेनवमीला तो सगळी हत्यारं उतरवून पुसून हळदकुंकू लावी तेव्हा आऱ्याच्या दोन्ही मुठींना एकेक बोट लावी. सकाळची पूजा दुपारपर्यंत चाले. शेजारच्या अंबूबाईकडून कुंकू उसनं आणावं लागे, आणि अंबूबाई कुंकवासोबत एक वाक्य पाठवी, की एवढं सौभाग्य कोण्या बाईच्या कपाळी नसंल.

"चार दिसात होते मोकळी," तो म्हणाला. तिने विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. पण त्याचा स्वतःचा विश्वास होता. कुठलं हत्यार कुठे जाईल ते त्याला उभ्या उभ्या दिसत होतं: माळ्यावर रंधे, पलंगाखाली पेटीत पटाश्या, फक्त ही समोरची खुंटी आहे तशीच राहील. बाळंतिणीला एका मोकळ्या खुंटीची काय अडचण.

ती खुंटी त्याने स्वतः तासून ठोकली होती, या घरात आल्याच्या पहिल्या आठवड्यात, बाकीच्या भिंती कोऱ्या असताना. ती बापाच्या वाकसासाठी, लाकूड तासायच्या त्याच्या हत्यारासाठी होती. त्याचा बाप संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाचा सुतार होता. नांगर, वखर, तिफण, जू, मढ्याची तिरडी आणि नवरानवरीचा पाट, गावाचं सगळं लाकूड त्याच्या हातून जाई आणि खळ्यावर त्याचं बलुतं ठरलेलं होतं. हत्यारं मात्र एका पोत्याच्या थैलीत मावत. शालिग्राम शाळेत पहिला आला तेव्हा मास्तर घरी येऊन बसले, पोराला पुढे शिकवा म्हणाले, आणि त्याच दिवशी बापाने थैली आणून दोघा भावांच्या मध्ये ठेवली. थोरला किसन तेव्हा मिशी फुटलेला, धाकटा शालिग्राम गुडघ्यांना हात बांधून बसलेला. बाप म्हणाला, वावर वाटता येते, घर वाटता येते, बायकायची भांडी बी वाटतात. थैली वाटत नसतात. वाकस ज्याच्या हाती, गाव त्याचं. मग त्याने थैली किसनकडे सरकवली. यात अन्याय नव्हता. शालिग्रामला शाळा हवी होती आणि ती त्याला मिळाली. त्यानंतर आयुष्यात जे जे हवं म्हटलं ते ते त्याने मिळवलं. तरी थैली जमिनीवरून सरकताना पोत्याच्या आत लोखंडावर लोखंड घसरल्याचा जो आवाज झाला, तो त्याला अजून ऐकू येई. खुंटीवर हत्यार टांगताना शेजारच्या हत्याराला लागलं की येई. पहिल्या पगारातून त्याने काटकोन बघायचा गुण्या घेतला. नंतर रंधा. जीनमधले बाकीचे लोक बायकोच्या गळ्यात सोनं घालत, कोणी पातुर्ड्याकडे वावर बघे. तो हत्यारं घेई. सुताराच्या पोराला चांगलं पोलाद बोटाने वाजवून कळतं, आणि जे कळतं ते विकत घ्यावं, यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं. धार मात्र त्याने कशालाही लावली नाही. धार लावली की हत्यार झिजतं. बापाची पटाशी शेवटी शेवटी बोटाएवढी उरली होती, हे त्याने पाहिलं होतं.

किसन तिसऱ्या दिवशी आला. पत्र नाही, निरोप नाही. त्यांच्या गावच्या शेषराव पाटलाची कापसाची गाडी जीनवर आली, तिच्यावर कापसात रुतून तो बसला होता, बाजूला सागाचा एक आखूड ओंडका आणि मांडीवर थैली. शालिग्राम फाटकावर होता. त्याने गर्दीतून भावाचा चेहरा ओळखला आणि सवयीने त्याचा बिल्ला शोधला. मग स्वतःशीच हसला. सुट्टीचा भोंगा झाल्यावर ओंडका हमालाच्या डोक्यावर देऊन दोघे घरी आले. किसन ओसरीवर थांबला नाही. त्याने या खोलीबद्दल ऐकलं होतं. सरळ आत गेला, डोक्याचा पटका सोडला, आणि घाम पुसत पुसत समोरच्या मोकळ्या खुंटीवर अडकवून दिला.

"काऊन बे, साऱ्या भिती भरल्या आन हे एक कायले सोडली?"

शालिग्राम खुंटीकडेच बघत राहिला. मळका पांढरा पटका खुंटीवरून खाली लोंबत होता, त्याचं टोक अजून हलत होतं. आपल्या छातीवरचं बटण कोणीतरी न विचारता काढावं तसं त्याला वाटलं. उतरवून ठेव म्हणावं, एवढं साधं होतं. दादा, ती नको, दुसरीकडे ठेव. पण दुसरीकडे कुठे, ते सांगता आलं नसतं.

किसन फिरत होता. एकेका हत्यारासमोर थांबत होता, वाकून बघत होता, हात लावत नव्हता. "आपल्या गावात, शेजारच्या गावात, पार जळगाव-जामोदवरी एवढी हत्यारं नसतीन. तुनं एकट्यानं कुंभकर्णाचं घर बांधाले काढलं का रे?"

"घर नाई. हे अशेच."

"अशेच. बरं हाय." त्याने एका रंध्याच्या पात्यावर फक्त नख फिरवलं. "हे तं आजून कुवारी हाय."

आतून सत्यभामाबाईचा आवाज आला. किसन तिचा भासरा, थोरला दीर. ती त्याच्यासमोर येत नसे आणि त्याच्याशी थेट बोलत नसे. "भासऱ्यायले इचारा म्हनाव, च्या गुळाचा चालन का."

"सांग तिले, इखाचा बी चालन, साखर लढाईवर गेली," किसन म्हणाला. दाराआड ती हसली.

चहा आला तेव्हा शालिग्रामला कळलं. किसनने बशी उचलली आणि कप तिच्यावर वाजू लागला. त्याने ती खाली ठेवली, पुन्हा दोन्ही हातांनी धरली, तरी कप वाजत राहिला. उजवा हात मनगटापासून हलत होता, बारीक, एकसारखा, जसा जीनमधला पट्टा जोड सैल झाल्यावर हलतो. "पोळ्यापासून हाय," तो म्हणाला. "वाकस उचलला का जास्त. देशमुखाच्या औताचं जू करून राह्यलो होतो. घाव इकडं टाकला, पडला तिकडं. पायाच्या बोटापाशी. देशमुख काई बोलला नाई. पन त्यानं आपले बैल मांगं घेतले." त्याने चहा संपवला नाही. थैली पुढे ओढली आणि ती शालिग्रामसमोर सरकवली. तोच आवाज झाला, लोखंडावर लोखंड घसरल्याचा. "मले पोरगा नाई. गाववाले बीबी गावचा कोनी सुतार आनून राह्यले. घे. तुह्यापाशी असन तं घरात तं राह्यली."

इतकी वर्षं हवी असलेली गोष्ट समोर येते तेव्हा ती छोटी दिसते, असं शालिग्रामने ऐकलं होतं. थैली छोटी दिसली नाही. पोत्याला करडईच्या तेलाचा, घामाचा, बाभळीच्या सालीचा वास होता. त्याने आत हात घातला आणि न बघता वाकस ओळखला. पातं झिजून झिजून चंद्राच्या कोरीसारखं झालं होतं. दांड्यावर बापाच्या अंगठ्याची खाच होती आणि तिच्या वर, थोडी तिरकी, किसनच्या अंगठ्याची. त्याने आपला अंगठा दोन्हींवर ठेवून पाहिला. कुठेच बसला नाही. तरी वाकस त्याच्या हातात होता. खुंटी चार पावलांवर होती. पटका काढला की झालं. त्याचं मन थंडपणे पुढचं सगळं मांडून बघत होतं, फाटकावर माणसं बघावीत तसं: वाकस वर गेला, खोली पूर्ण झाली, विमल आली, वाकस उतरवायचा नाही असं त्याने घरात सांगितलं, बाळंतिणीच्या खोलीत लोखंड असलेलं चांगलंच असतं असं सत्यभामाबाई म्हणाली. आणि मांडणीत एक माणूस उरत होता. संध्याकाळच्या रिकाम्या कापसाच्या गाडीत, मांडीवर काही नसलेला. त्याला बिल्ला नव्हता.

"ओंडका कायले आनला?" शालिग्रामने विचारलं.

"पायन्यासाठी. आपल्या घरच्या पोरीचा पहिला पायना बजारातून आनत नाईत, तुले मालूम नाई का? विमलचा मीच केला होता. हा पाटलाच्या डोंगरपट्टीतला साग हाय. म्या म्हटलं, इथं कोनी चांगला कारागीर असन, त्याले देऊ." तो हसला, पण नजर आपल्या हातावर होती. "चोरी करून आनल्यावानी वाटते. घरचा पायना आन हात लोकाचा."

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीला सुट्टी होती. शालिग्राम सकाळीच स्टुलावर चढला आणि आढ्याच्या कडीचे दोर सोडू लागला. सत्यभामाबाई उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. आरा एका बाजूने खाली आला, मग दुसऱ्या. जमिनीवर टेकताना तो वाजला नाही, गुणगुणला.

"हे कायले काढलं?" किसन अंगणातून म्हणाला. "ओंडका मशीनीवर फाडून आन. एका घंट्यात फळ्या."

"मशीनवाल्याले नंबर लागते. तू बस इकडं."

"माह्या हात..."

"वाकसाले नेम लागते. याले ओढाले लागते. बस."

त्याने ओंडका उभा करून ओसरीच्या खांबाला सुंभाने आवळला, दोरी ओलवून रेघ मारली. दोघे भाऊ ओंडक्याच्या दोन बाजूंना मांडी घालून समोरासमोर बसले, मध्ये आरा. लहानपणी बाप वर उभा राही आणि हे दोघे आळीपाळीने खाली. खालच्याच्या डोळ्यात भुसा जाई आणि तक्रार केली तर बाप म्हणे, वर पाहू नको, ओढ. ओढायचं, आणि मग सोडायचं. ढकलायचं नाही. पलीकडच्याला त्याच्या वेळेला पूर्ण आरा द्यायचा. हा नियम शालिग्रामला तोंडपाठ होता. त्याने मूठ धरली, पहिला ओढा आपल्याकडे घेतला. दात सागात बसले. किसनने ओढलं. दोनदा तीनदा झालं आणि आरा मध्येच अडला, पातं कमानीसारखं वाकून थरथरू लागलं.

"ढकलू नको बे," किसन म्हणाला.

"मी नाई ढकलून राह्यलो. तूच घाबरून राह्यला."

"मी घाबरतो? तुही मूठ पाय. सोडून नाई राह्यला तू."

शालिग्रामने आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं मुठीवर पांढरी झाली होती. ओढणं संपल्यावरही ती ओढतच होती. त्याला नवल वाटलं. नियम माहीत असताना हात तो पाळत नव्हता, आणि तो हात त्याचाच होता. दाराआडून सत्यभामाबाई म्हणाली, "भासऱ्यायले सांगा म्हनाव, यायनं आजवर काईच सोडलं नाई, हे तं आरा हाय." किसन असा हसला की आरा दोघांच्या मध्ये वाजला. शालिग्रामही हसला. मग त्याने पुन्हा ओढलं, आणि ओढ संपली तिथे बोटं उघडी केली, मूठ तळव्यावर नुसती टेकलेली. आरा निघून गेला. हात रिकामा झाला, एका श्वासापुरता, आणि ती नसलेली पायरी पुन्हा आली. पण आरा परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. ताल बसला तसं किसनच्या मनगटाकडे त्याचं लक्ष गेलं. ते थरथरत होतंच, पण आऱ्याच्या येण्याजाण्यात ते बुडून गेलं होतं, वेगळं काढून दाखवता आलं नसतं. ओल्या सागाचा कडवट वास अंगणभर झाला. भुसा गुडघ्यांवर, मिशांवर, किसनच्या उघड्या डोक्यावर बसला. ऊन ओसरीवर आलं तेव्हा पहिली फळी सुटून बाजूला कलंडली. आतून ती सोनेरी होती, आणि रेघेपासून जराशी भटकलेली.

"बाप असता तं याच्यावर थुकला असता," किसन म्हणाला.

"मंग रंधा मारला असता."

खोलीत जाऊन शालिग्रामने भिंतीवरची पटाशी काढली, दुसरी पेटीवरून उचलली, आणि पाटावर वाळू आणि पाणी घेऊन बसला. दोन्ही पाती त्याने एकापाठोपाठ घासली. राखाडी गाळ बोटांवरून ओघळला; ते पोलाद होतं, विलायती, आता येत नसलेलं. तो मुद्दाम त्याकडे बघत राहिला. धार केसावर पाहून त्याने एक पटाशी किसनच्या हातात दिली. "खाचा तू पाड. लाकडावर टेकव, दाबून धर, मंग हलत नाई. ठोकाले मी हाय. ठोका चुकला तं मले शिव्या दे."

किसनने पटाशी लाकडावर टेकवली. टोक थोडं नाचलं. त्याने दाबलं. थांबलं. तो बराच वेळ तसाच बसला, जणू कोणाची नाडी बघत होता. शालिग्रामने हातोडा मारला आणि सागाची पहिली ढलपी उडाली.

पाळणा चार दिवस चालला. कडेच्या एका खांबाला किसनने न विचारता एक चिमणी कोरली. तिची चोच वाकडी झाली आणि त्याने ती तशीच ठेवली. जायच्या दिवशी शालिग्रामने थैली भरली. वाकस त्याने सर्वांत शेवटी घेतला. दांडा तेलाने पुसला, दोन्ही खाचांवरून एकदा अंगठा फिरवला आणि तो आत टाकला. वर एक पटाशी घातली.

"हे काय? म्या तुले देली ना थैली?"

"थैली वाटत नसतात, बाप म्हने. जू नको करू, तिफन नको करू. बीबीवाल्याले करू दे. पायने कर, चौरंग कर, दाराच्या चौकटी कर. ठोकाले मानूस लागला तं गाडीवर निरोप देजो, मी सुट्टीत येतो."

"आन पटाशी?"

"ते डबल झाली होती."

किसनने पटका खुंटीवरून काढून डोक्याला गुंडाळला. जाताना तो दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "घरात सांगजो, भासरा बारशाले येते, पन च्या साखरेचा पाह्यजे." आतून बांगड्या वाजल्या. गाडी बोळातून वळेपर्यंत थैलीचा आवाज येत होता.

शालिग्राम खोलीत परत आला. रंधे माळ्यावर गेले होते, पटाश्या पेटीत, आरा तेवढा भिंतीशी टेकवलेला, आणि कडीला पाळणा टांगलेला, रिकामा, अजून हलका हलत. सत्यभामाबाई उंबरठा ओलांडून आत आली. वळायला जागा होती. तिच्या हातात दुपट्याच्या कापडाचं एक छोटं टोपडं होतं, अर्धं शिवलेलं, सुई अजून त्यातच. तिने आजूबाजूला पाहिलं.

"हे खुंटी मोकळी हाय. इथं लावू का?"

"लाव," तो म्हणाला, आणि आरा बाहेर न्यायला दुसऱ्या टोकाला तिला हाक मारली.